होपींच्या घरांतील बाहुली

बाहुली हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें भातुकलीचा डाव उभा राहतो. मुलीनें तिला न्हाऊंमाखूं घालावें, नटवावें, शेजारच्या बाहुल्याशीं तिचें लग्न लावावें, आणि हौस फिटली म्हणजे तिनें अडगळींत जाऊन पडावें, असा बाहुलीचा साधारण जीवनक्रम आहे. परंतु अमेरिकेंत होपी नांवाचा एक लहानसा समाज आहे. त्याच्या मुलींना मिळणाऱ्या बाहुल्या केवळ खेळण्यासाठीं नसतात. मुली त्यांना कुशींत घेऊन हिंडतात हें खरें. पण एरवीं त्या घराच्या भिंतीवर किंवा तुळईला टांगलेल्या असतात, आणि मुलगी रोज उठतां-बसतां त्यांच्याकडे पाहत मोठी होते. या वीत-दीडवीत उंचीच्या लाकडी आकृतीशीं गेल्या चारशें वर्षांत धर्मोपदेशक, सरकारी अधिकारी, शाळामास्तर, व्यापारी, विद्वान् आणि चित्रकार अशा नाना प्रकारच्या परकीयांचा संबंध आला, आणि प्रत्येकानें तिचा आपापल्या मतीप्रमाणें निराळा अर्थ केला. तिचा मूळ अर्थ कोणता, आणि या सर्व घालमेलींत त्याला खरा धोका कोठून पोंचला, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

संयुक्त संस्थानांपैकीं ॲरिझोना या संस्थानाच्या ईशान्य भागांत, समुद्रसपाटीपासून सुमारें सहा हजार फूट उंचीवर, एक उजाड पठार आहे. त्याच्या दक्षिण कडेला हाताच्या बोटांप्रमाणें पुढें आलेले, सपाट माथ्याचे तीन डोंगरी फांटे आहेत. त्यांच्या माथ्यावर व पायथ्याशीं होपींचीं दगडमातीचीं गांवें वसलेलीं आहेत. त्यांतील ओरायबी हें गांव निदान इ. स. ११५० च्या सुमारापासून अखंड नांदतें आहे, आणि संयुक्त संस्थानांतील सर्वांत जुन्या वस्त्यांत त्याची गणना होते. या प्रदेशांत बारमाही नदी नाहीं. वर्षाकाठीं पाऊस पडतो तो अवघा आठ-दहा इंच. अशा भूमींत होपी लोक लाकडी काठीनें खोल भोंक पाडून, जेथें ओल असेल तेथपर्यंत मक्याचें बीं पोंचवितात, आणि पाटाच्या पाण्यावांचून पीक काढतात. पाऊस चुकला तर गांवावर उपासमारीची वेळ येते. म्हणून पाऊस हा त्यांच्या शेतीचाच नव्हे, तर त्यांच्या धर्माचाहि मध्यवर्ती विषय आहे.

हा पाऊस ज्यांच्या कृपेनें येतो त्यांना होपी ‘कात्सिना’ म्हणतात. कात्सिना म्हणजे देव नव्हेत. मेघ, पाऊस, मका, गरुड, अस्वल अशा सृष्टींतील नाना वस्तूंत वास करणारीं हीं चैतन्यरूपें आहेत. माणसांच्या प्रार्थना पुढें नेणारे ते दूत आहेत. आणि गेलेले पूर्वजहि मेघरूपानें त्यांच्यांत मिसळतात, अशी श्रद्धा आहे. होपींच्या गांवांवरून नैर्ऋत्येस क्षितिजावर सॅन फ्रॅन्सिस्को शिखरें दिसतात. त्यांवर कात्सिनांचें घर आहे. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून परतूं लागला कीं ते गांवांत येऊं लागतात. फेब्रुवारींत पोवामुया नांवाचा मोठा विधि होतो. त्या वेळीं बाहेर थंडी असतांहि ‘कीवा’ या जमिनीखालच्या धर्मगृहांत ऊब धरून घेवड्याला मोड आणतात, आणि ते कोंवळे अंकुर घरोघर वांटले जातात. पुढें जुलैमध्यें निमन हा निरोपाचा विधि झाला म्हणजे कात्सिना आपल्या शिखरांवर परत जातात. ते गांवांत येतात तें कोणत्या रूपानें, हें मोठ्यांना ठाऊक असतें. मुलांना तें दीक्षाविधीच्या वेळीं कळतें. ही गोष्ट मुलांपुढें न बोलण्याचा दंडक ज्या समाजानें कसोशीनें पाळला आहे, त्याच्याविषयीं लिहितांना आपणहि तेथेंच थांबणें उचित होय.

कात्सिना येतांना मुलांसाठीं भेटी घेऊन येतात. मुलग्यांना धनुष्यबाण मिळतात आणि मुलींना बाहुली मिळते. होपी भाषेंत या बाहुलीस ‘तिहू’ असें म्हणतात. तान्ह्या मुलाला मिळणारी पहिली तिहू अगदीं साधी, चपट्या फळकुटाची असते. तिला सुटे हातपाय नसतात, वर रंगविलेलें मुख असतें व खालीं वस्त्राचे पट्टे असतात. ही बहुधा हाहाइवूतीची प्रतिमा असते, आणि हाहाइवूती म्हणजे सर्व कात्सिनांची आई. मुलगी वाढत जाते तसतशा पुढील वर्षांच्या बाहुल्या अधिक घडीव होत जातात. निमनच्या दिवशीं कात्सिना गांवांत येतात तेव्हां त्यांच्याजवळ त्या वर्षाच्या पहिल्या मक्याचीं हिरवीं ताटें असतात, आणि त्यांबरोबर या बाहुल्याहि असतात. ज्याच्यासाठीं पाऊस मागितला तो मका, आणि ज्यानें पाऊस आणला त्याची प्रतिमा, हीं दोन्ही एकाच वेळीं मुलीच्या हातीं पडतात. हा पाठ तिला कोणी तोंडानें समजावून सांगत नाहीं, आणि सांगण्याची आवश्यकताहि नसते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडील वाचकांस अशी प्रतिमा म्हटली कीं मूर्ति आठवेल. परंतु तिहू ही मूर्ति नव्हे. तिची पूजा होत नाहीं. तिला नैवेद्य दाखवीत नाहींत. ती कात्सिनाची ओळख पटविणारी खूण आहे, आणि मुलीनें सुखानें वाढावें, तिची कूस उजवावी, तिच्या घरीं धान्य असावें, असा तिच्यामागें आशीर्वाद आहे. कात्सिनांचे प्रकार अडीचशेंहून अधिक मोजले गेले आहेत. प्रत्येकाच्या मुखावरील खुणा, अंगावरील रंग आणि हातांतील वस्तु ठरलेल्या आहेत. रंगांनाहि अर्थ आहे: पिवळा वायव्येचा, निळा-हिरवा नैर्ऋत्येचा, तांबडा आग्नेयेचा आणि पांढरा ईशान्येचा. कात्सिनांत सौम्य आहेत, विनोदी आहेत आणि भयंकरहि आहेत. सोयोको नांवाचे अक्राळविक्राळ कात्सिना फेब्रुवारींत दारोदार येऊन खोडकर मुलांचा झाडा घेतात. मुलग्यांनीं उंदीर पकडून ठेवावेत व मुलींनीं मका दळून ठेवावा, नाहीं तर तुम्हांलाच घेऊन जाऊं, असा त्यांचा धाक असतो. आपल्या बागुलबुवाचे हे सख्खे भाऊच म्हणावयाचे. फरक एवढाच कीं, आपला बागुलबुवा कधीं दारांत येऊन उभा राहत नाहीं!

बाहुलीसाठीं लागणारें लाकूडहि ठरलेलें आहे. कॉटनवुड या नांवाचें, पिंपळासारखीं सळसळणारीं पानें असलेलें एक झाड त्या प्रदेशांत नदीनाल्यांच्या कांठीं वाढतें. त्याचें वाळलेलें मूळ हलकें व मऊ असतें, आणि बाहुली कोरतात ती या मुळाची. जें झाड स्वतः पाण्याच्या शोधांत जमिनींत खोल जातें, त्याच्या मुळांतून पाऊस आणणाऱ्याची आकृति घडवावी, यांतील औचित्य कोणाच्याहि लक्षांत येईल. घरांतील पुरुषमंडळी चाकूनें तें कोरतात, वालुकाश्मानें घांसून गुळगुळीत करतात, वर पांढऱ्या मातीचा हात देऊन खनिज व वनस्पतिज रंगांनीं रंगवितात, आणि शेवटीं पिसें बांधतात. जुन्या बाहुल्यांत हात पोटाशीं धरलेले असतात, पाय आंखूड असतात, आणि त्यांना उभें राहण्यासाठीं बैठक नसते. कारण त्या उभ्या करावयाच्या नसून टांगावयाच्या असतात.

ही परंपरा किती जुनी? अवातोवी हें होपींचें एक उजाड गांव आहे. तेथें व जवळच्या कवाइका येथें हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयानें सन १९३५ ते १९३९ या काळांत उत्खनन केलें. तेव्हां जमिनीखालच्या कीवांच्या भिंतींवर गिलाव्याचे थरावर थर आणि प्रत्येक थरावर चित्रें आढळलीं. युरोपियन मनुष्य त्या प्रदेशांत येण्यापूर्वींच्या या चित्रांत कात्सिनांचीं रूपें ओळखूं येतात. याहून आधींच्या, म्हणजे चौदाव्या शतकांतील, मृत्पात्रांवर व खडकांवरहि तशीं मुखें दिसतात. अर्थात् कात्सिनांची श्रद्धा निदान सहा-सातशें वर्षांची आहे, यांत शंका नाहीं.

सन १५४० मध्यें कोरोनादोच्या स्वारीपैकीं पेद्रो दे तोवार हा सरदार होपींच्या गांवांस पोंचला. सन १६२९ पासून फ्रान्सिस्कन पंथाच्या स्पॅनिश पाद्र्यांनीं अवातोवी, शुंगोपावी व ओरायबी येथें चर्चें बांधलीं. कात्सिना म्हणजे सैतान, अशी या पाद्र्यांची समजूत होती. सन १६६१ मध्यें त्यांच्या प्रमुखानें पूर्वेकडील रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यांतील होपींच्या जातभाईंच्या गांवांतून कात्सिनांचीं सुमारें १६०० मुखें जप्त करवून नष्ट केलीं. होपींच्या गांवांतहि जुना धर्म पाळणारांस फटक्यांच्या शिक्षा होत. याचा परिणाम सन १६८० मध्यें दिसून आला. त्या वर्षीं त्या सर्व प्रदेशांतील गांवांनीं एकाच वेळीं उठाव केला. होपींनीं आपल्याकडील पाद्र्यांस ठार केलें आणि चर्चें पाडलीं. पुढें अवातोवी गांवानें पाद्र्यांस पुनः थारा दिला, तेव्हां सन १७०० च्या हिवाळ्यांत इतर होपींनीं तें गांवच उद्ध्वस्त केलें. स्वकीयांवर हात टाकण्याचा हा प्रसंग होपींच्या स्मृतींत आजहि सलतो. परंतु त्यानंतर स्पेनचा धर्म त्या डोंगरांवर पुनः रुजला नाहीं.

स्पॅनिश पाद्र्यांचें लक्ष्य विधि आणि मुखें हीं होतीं. अमेरिकन सरकारचें लक्ष्य मुलें हें होतें. सन १८८७ मध्यें कीम्स कॅनियन येथें होपी मुलांसाठीं सरकारी निवासी शाळा निघाली. मुलांनीं घर सोडून शाळेंत राहावें, केंस कापावेत, इंग्रजी नांव घ्यावें, आपली भाषा बोलूं नये, असा तेथील शिरस्ता. ओरायबीच्या अनेक आईबापांनीं मुलें देण्याचें नाकारलें. जमिनीची वैयक्तिक वांटणी करण्याच्या सरकारी योजनेसहि त्यांचा विरोध होताच. शेवटीं त्यांच्यापैकीं १९ पुरुषांना पकडून सन १८९५ च्या जानेवारींत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरांतील अल्कत्राझ बेटावरच्या लष्करी तुरुंगांत टाकलें, आणि ऑगस्टमध्यें सोडलें. शाळेच्या प्रश्नानें गांवांतच दोन तट पडले. सन १९०६ च्या सप्टेंबरांत विरोधी तटाला ओरायबी सोडावी लागली, आणि त्यानें होतेविला हें नवें गांव वसविलें. तें गांव उभें राहतें न राहतें तोंच सैनिकांनीं तेथील मुलें धरून शाळेंत नेलीं.

या घटनेचा आपल्या विषयाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध अगदीं निकटचा आहे. फेब्रुवारींत कात्सिना दारीं येतात तेव्हां भेट घेण्यास मुलगीच घरीं नसेल, तर भेटीला अर्थ काय उरतो? बाहुली चोरीस गेली तर दुसरी कोरतां येते, कारण मुळें नदीकांठीं मिळतात आणि कोरणारे हात घरांत असतात. परंतु घेणारे हातच दूर नेले, तर देण्याचा प्रघात एका पिढींत मोडूं शकतो. सरकारी अधिकाऱ्यांना बाहुल्यांची पर्वा नव्हती. त्यांच्या लेखीं त्या क्षुद्र खेळणीं होत्या. तथापि जुन्या पाद्र्यांच्या आगीपेक्षां या शाळांचा घाव अधिक खोल गेला, असें म्हणावें लागतें. पुढें सन १९२१ व १९२३ मध्यें चार्ल्स बर्क या आयुक्तानें मूळ रहिवाशांच्या नृत्यांस आळा घालणारीं परिपत्रकें काढलीं, तीहि याच धोरणाचीं अपत्यें होतीं.

मुलें शाळेंत जात होतीं त्याच काळांत बाहुल्या संग्रहालयांत जात होत्या. टॉमस कीम या व्यापाऱ्यानें गोळा केलेला मोठा संग्रह पीबॉडी संग्रहालयाच्या वांट्यास आला. हेन्री व्होट हा मेनोनाइट पंथाचा धर्मोपदेशक सन १८९३ मध्यें ओरायबीस येऊन राहिला. होपींनीं आपला धर्म सोडावा म्हणून तो उपदेश करी, आणि त्याच धर्माच्या गुप्त विधींचीं छायाचित्रें घेऊन व वस्तु जमवून शिकागोच्या फील्ड संग्रहालयास पुरवी. ज्याला जें नष्ट व्हावेंसें वाटतें, त्यानेंच तें कांचेच्या कपाटांत जपून ठेवावें, असा हा विलक्षण प्रकार होता. जेसी वॉल्टर फ्यूक्स या विद्वानानें सन १८९४ मध्यें या बाहुल्यांवर पहिला शास्त्रीय निबंध लिहिला, आणि सन १९०३ मध्यें होपी चित्रकारांकडून काढविलेलीं कात्सिनांचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. सन १९४९ मध्यें हॅरल्ड कोल्टन यानें त्यांचे प्रकार लावून दाखविणारा ग्रंथ लिहिला. या विद्वानांचे उपकार नाकारतां येत नाहींत. आज होपी कारागीरहि जुन्या बाहुल्या पाहण्यास संग्रहालयांत जातात. परंतु क्रमांक लावलेली बाहुली ही कोणाची भेट राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

संग्राहकांमागोमाग रेल्वेनें आलेले प्रवासी आले आणि बाहुलीला बाजार मिळाला. या बाजारापुढें होपी कारागिरांनीं काय केलें, हा या इतिहासांतील सर्वांत मनोरंजक भाग आहे. तवाक्वाप्तेवा हा ओरायबीचा मुखिया होता. सन १९०६ च्या फुटीनंतर सरकारनें त्यालाहि कॅलिफोर्नियांतील शाळेंत पाठविलें होतें. परत आल्यावर तो प्रवाशांना बाहुल्या कोरून विकूं लागला. परंतु तो एका कात्सिनाचें मुख, दुसऱ्याचे कान, तिसऱ्याचे रंग अशी मुद्दाम भेसळ करी. त्यामुळें विकलेली बाहुली कोणत्याच खऱ्या कात्सिनाची नसे! गिऱ्हाईकाला बाहुली मिळे, कारागिराला पैसा मिळे, आणि कात्सिना मात्र विकला जात नसे. विद्वानांना या बाहुल्यांची ओळख पटेना, यांत नवल नाहीं. याच्या उलट उदाहरण जिमी केवानवायटेवा याचें. फ्लॅगस्टाफ येथें सन १९२८ मध्यें स्थापन झालेल्या नॉर्दर्न ॲरिझोना संग्रहालयांत तो नोकरीस होता. तो लोकांदेखत बाहुल्या कोरी, आणि त्यांवर आपल्या नांवाचीं आद्याक्षरें घाली. गांवांतील मंडळींनीं त्याला दोष दिला. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे: जी वस्तु कात्सिनानें दिली असें मुलीस सांगावयाचें, तिच्यावर माणसाचें नांव कसें घालावें? पण त्याचीहि बाजू होती. मक्यावर पोट न भरणाऱ्या काळांत कोरणें हाच कित्येक घरांचा चरितार्थ झाला होता, आणि जो विकतो त्यानें आपल्या कामाची जबाबदारी नांवानिशीं घ्यावी, यांत गैर तें काय?

पुढें बाजारानें बाहुलीचें रूपहि पालटलें. हात पोटापासून सुटले, पाय नाचूं लागले, खालीं बैठक आली. संरक्षित पक्ष्यांचीं पिसें विकण्यास कायद्यानें बंदी असल्यामुळें सन १९७० नंतर कारागीर पिसेंहि लाकडांतच कोरूं लागले, आणि तें कोरीव काम इतकें सूक्ष्म झालें कीं पाहणारानें थक्क व्हावें. बाहेरच्या लोकांनीं केलेल्या स्वस्त नकलांनीं दुकानें भरलीं, तेव्हां मूळ रहिवाशांची म्हणून खोटी वस्तु विकणारास शिक्षा ठरविणारा कायदा सन १९९० मध्यें झाला. दुसरीकडे कांहीं होपी कारागीर पुनः जुन्या वळणाच्या, पोटाशीं हात धरलेल्या बाहुल्यांकडे वळले आहेत. विक्रीसाठीं एक आणि घरच्या मुलीसाठीं दुसरी, असा भेद अनेकांनीं ठेवला आहे.

युरोपांत या बाहुल्यांचें आणखी एक रूप झालें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत न्यूयॉर्कला आश्रयास आलेले माक्स अर्न्स्ट, आंद्रे ब्रेतों आदि अतिवास्तववादी पंथाचे कलावंत त्यांवर लुब्ध झाले. सन १९४५ मध्यें ब्रेतों स्वतः होपींच्या गांवीं जाऊन आला. त्यांना या आकृतींत स्वप्नसृष्टीचा साक्षात्कार झाला. आणि पॅरिसच्या बाजारांत त्यांची किंमत वाढली. मात्र लिलावांचा खरा वाद पेटला तो बाहुल्यांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष विधींत वापरावयाच्या मुखांवरून. होपी त्यांना मुखवटे म्हणत नाहींत, ‘मित्र’ म्हणतात, आणि त्यांवर कोणा एका व्यक्तीची मालकी मानीत नाहींत. सन २०१३ च्या एप्रिलमध्यें पॅरिस येथें अशा सुमारें ७० ‘मित्रां’चा लिलाव झाला. तो थांबविण्याची विनंती तेथील न्यायालयानें फेटाळली. त्याच वर्षीं डिसेंबरांत झालेल्या दुसऱ्या लिलावांत ॲनेनबर्ग फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें २४ वस्तु विकत घेतल्या. त्यांपैकीं २१ होपींस आणि ३ अपाची लोकांस परत देण्यासाठीं होत्या. अशा पवित्र वस्तु परदेशीं नेण्यास प्रतिबंध करणारा अमेरिकन कायदा सन २०२२ च्या डिसेंबरांत मंजूर झाला.

या प्रकरणांत होपींनीं केलेला भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. कारागिरानें विकावयास कोरलेली बाहुली त्यांनीं परत मागितली नाहीं. त्यांनीं मागितले ते आपले ‘मित्र’. काय विकतां येतें आणि काय येत नाहीं, याची रेषा त्यांच्या मनांत स्पष्ट आहे. ती परक्यांना दिसत नाहीं, एवढेंच. कारण परका मनुष्य वस्तूकडे पाहतो, आणि होपी ती कोणत्या हातांतून कोणत्या हातांत जाते हें पाहतो. लाकूड तेंच, रंग तेच, कोरणाराहि तोच. परंतु जी निमनच्या दिवशीं मक्याच्या ताटांबरोबर येते ती तिहू, आणि जी दुकानाच्या फळीवर उभी असते ती कलाकुसर. म्हणूनच संग्रहालयें भरलीं, लिलाव झाले, तरी तिहू संपली नाहीं.

तिला उरलेला धोका जुनाच आहे, आणि तो मुलांच्या बाजूचा आहे. शाळांनीं पाडलेल्या खिंडारामुळें होपी मुलांच्या तोंडीं आज इंग्रजीच अधिक आहे. कात्सिनांचीं नांवें व गाणीं ज्या भाषेंत आहेत ती भाषा घेणारालाच येत नसेल, तर भेट हातीं पडूनहि अर्धी बाहेरच राहते. होपींनीं हें ओळखलें आहे. त्यांच्यांतील विद्वान् एमरी सेकाक्वाप्तेवा यांच्या परिश्रमानें सन १९९८ मध्यें होपी भाषेचा सुमारें ३० हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला, आणि मुलांना भाषा शिकविण्याचे प्रयत्न सुरू आहेत. दरवर्षीं फेब्रुवारींत कीवांत घेवड्याला मोड येतात, जुलैंत हिरव्या मक्याबरोबर बाहुल्या येतात, आणि एखादें तान्हें मूल फळकुटावरच्या हाहाइवूतीकडे टक लावून पाहतें. त्या मुलाला तिचें नांव त्याच्या आजीच्या भाषेंत ऐकूं येत राहिलें, म्हणजे स्पेनच्या पाद्र्यांना व कीम्स कॅनियनच्या शाळेला जें साधलें नाहीं तें पुढेंहि कोणाला साधणार नाहीं.